भरल्या पोटाची बोकडं

"चारलं का न्हाई तेवढं सांग, मावशी. बाकीचं भाषान मागनं."

"मंग काय उपाशी धाडू? दारातनं शेवटचं निघालंय जनावर. त्याला उपाशी धाडायची रीत हाय व्हय आमच्यात?"

"काय चारलं?"

"काय म्हंजे! मक्याचा भरडा, वाईच हिरवा घास. आन् मिठाचं पानी पाजलं, म्हंजी पितंय पोटभर."

"कवा?"

"आत्ता की. तुमची गाडी तिकडं पांदीला दिसली तवा शेवटचं घमेलं म्होरं ठिवलं."

मोहियोद्दीन मुलाणीनं डोक्यावरची टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली. मग पहिल्या बोकडाच्या डाव्या कुशीला हात लावला. तिथं बरगडीच्या मागं मूठ बसंल एवढी खळगी लागायला पाहिजे. खळगी कसली, हात उलटा उडाला. दुसऱ्याचं तेच. तिसऱ्याच्या कुशीवर त्यानं बोटं वाजवली तर आवाज आला.

"ढोलकं झालंय," तो म्हणाला.

"व्हय की!" गोजरबाई खुलली. तिला वाटलं, कौतुकच चाललंय.

तिची काही चूक नव्हती, म्हणजे तिच्या हिशेबानं. गोजरबाई कोकरे सासरी आली तेव्हापासून शेळ्या पाळते, आणि बाजारच्या दिवशी पहाटे बोकडाला टच्च भरायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. बाजारात काटा नसतो. व्यापारी येतो, पाठीवर पंजा दाबतो, मागं सरकून लांबून बघतो आणि आकडा बोलतो. बोकड जेवढं फुगलेलं तेवढा आकडा मोठा. कर्जत तालुक्याच्या त्या कोरड्या अंगाच्या वस्त्यांवर अडाण्यापासून पदवीधरापर्यंत सगळे हेच करतात.

पण आज बाजार नव्हता. आज दारात गाडी आली होती, आणि गाडीचा कायदा बरोबर उलटा होता.

गाडी म्हणजे बंद पाठीचा पांढरा टेम्पो. आत छताला लोखंडी दांडी, दांडीला सरकते हुक, एका अंगाला पाण्याची टाकी, सुऱ्या बुडवायला उकळत्या पाण्याचं भांडं, आणि पुढच्या बाजूला थंडीचा डबा. शेळीपालकांच्या कंपनीनं ती घेतलेली. बोकड बाजाराला न्यायचं नाही, गाडीच बोकडाच्या दारात येणार. डॉक्टर आधी जिवंत जनावर तपासणार, मग मुलाणी कापणार, सोलणार, डॉक्टर परत काळीज-फुप्फुस तपासून शिक्का मारणार, आणि मालकाच्या डोळ्यांदेखत सोललेल्या मटणाचं वजन होणार. पैसे त्या वजनाचे. म्हणून आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, नुसतं साधं पाणी. पोट रिकामं असलं म्हणजे सुरी आत गेल्यावर घाण फुटत नाही.

हे मोहियोद्दीननं काल फोन करून एकेका घरी सांगितलं होतं. सगळे "व्हय व्हय" म्हणाले होते.

"मी सांगितलं हुतं का न्हाई, मावशी?"

"सांगितलं हुतंस. मला वाटलं, कंपनीचा डाव आसंल. वजन कमी भरावं म्हून."

मोहियोद्दीन गाडीला एक चक्कर मारून आला. परत बोकडापाशी उभा राहिला. परत चक्कर मारली.

हा माणूस तसाही एका जागी उभा राहणाऱ्यातला नाही. मुलाण्याचं घर, म्हणजे पिढ्यान् पिढ्या गावाची सुरी त्यांच्या हातात. धनगराची नवसाची कंदुरी असो, मराठ्याच्या घरचं जावळ असो, सुरी फिरवायला मुलाणी लागतो, आणि त्याच्या घरी वाटा जातो. बापानं सगळी हयात त्या वाट्यावर आणि दोन एकर ज्वारीवर काढली. मोहियोद्दीनला ते जमेना. मिसरूड फुटलं तसा पुण्याला खाटकाच्या दुकानात राहिला. तिथं कंटाळला, सुप्याला कारखान्यात पत्रे दाबायच्या मशिनीवर लागला. तिथं उभं राहून राहून पाय आखडले, म्हणून श्रीरामपूरला एकाच्या भागीत कोंबड्यांचा टेम्पो चालवला. मग कर्जतला दुकान टाकलं, तेही मोडलं. दुकान चालत नव्हतं असं नाही. चालत होतं, पण हा दुकानात बसत नव्हता. बायको, खुर्शीद, सगळ्यांदेखत म्हणायची, "ह्यांचं लगीन माझ्याशी झालंय का यष्टीशी, तेच कळंना."

कंपनीची गाडी कळली तेव्हा हाच पायपीट करत सुप्याच्या ऑफिसात गेला होता. कापणारा पाहिजे होता, तो झाला. काही दिवस तिकडंच गाडीवर कापलं, मग ऑफिसात ठाण मांडून बसला की गाडी आमच्या तालुक्यात आणा. मॅनेजर राम लोखंडे हा सरळ पण घड्याळाचा माणूस. म्हणाला, "एक सकाळ देतो. थंडीचा डबा भरून आणलात तर गाडी कायमची तुमच्याकडं. नाहीतर पारनेरची माणसं माझ्या दारात उभीच आहेत."

घरी येऊन त्यानं हे सांगितलं तेव्हा खुर्शीद तवा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. गाडी फिरंल, तुमी रोज सांजच्याला घरी याल. हेवढं तरी नीट करा."

तेवढंच होतं ते. डबा भरला तर पन्नाशीच्या माणसाला घर सोडायला लागणार नव्हतं. नाही भरला तर गाडीबरोबर पारनेरला जाऊन कुठंतरी खोली घ्यायची, नाहीतर गाडी सोडून परत नवं काहीतरी धरायचं. आणि नवं धरायचा आता त्याला कंटाळा आला होता. हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

डॉक्टर रुपाली भोस गाडीतून उतरली. तिशीच्या आतबाहेरची, पायात गमबूट. तिनं एकच बोकड दाबून बघितलं. "मुलाणीचाचा, ही नाही घेता येणार."

"ठाऊक हाय, म्याडम."

"म्हंजे?" गोजरबाई पुढं आली. "काय रोग झालाय का माझ्या बोकडांना?"

"रोग नाही आजी. पोट भरलंय."

"पोट भरलंय म्हून नको? आगं बाई, जगात उलटंच चाललंय की सगळं!"

डॉक्टर हसली नाही. पुढच्या वस्त्यांना फोन लावत बाजूला गेली. तेवढ्यात ड्रायव्हर करण मोहियोद्दीनच्या कानाला लागला. हा मिरजगावकडचा पोरगा, लगीन झालेला, तोंडाचा फाटका.

"चाचा, म्याडमची पाठ हाय. गळ्याची नळी बांधून घ्या वरनं, खाली बी बांधा. काय भायेर येतंय? तुमच्या हाताला कोन न्हाई म्हननार?"

मोहियोद्दीनच्या मनात तेच चाललं होतं. हात तेवढा बसलेला होता. नळी बांधता येते, पोट अख्खं उचलून टबात ठेवता येतं. दहातली नऊ नीट निघतात. पण दहाव्याला सुरीचं टोक निसटतं आणि ताणलेला कोथळा फाटतो, मग भरडा आणि शेण सगळ्या मटणावर. पुण्याच्या दुकानात हे पाहिलेलं होतं. तिथं पाण्याचा पाइप मारायचे आणि लटकवून द्यायचे. गिऱ्हाईक सांजच्याला शिजवून खायचं, बिघडायचं काही नाही. पण हा डबा आज भरायचा आणि परवा-तेरवा कुठल्या तरी हाटेलात उघडायचा.

गोजरबाईनं नेमकं तेच काढलं. "ए मोद्दीन, आवंदा चैतात कंदुरीला ह्याच दारात कापलंस तू. गळ्यात हार घालून, गूळ-पोळी चारून उभं केलं हुतं. तवा इचारलंस का पोटात काय हाय?"

"ते रातच्याला पंगतीत गेलं, मावशी. हे बर्फात जानार."

"तुझ्या बापानं माझ्या दारातनं कवा जनावर माघारी धाडलं न्हाई."

"बापाच्या टायमाला बर्फ न्हवता."

"घेतो का न्हाई, सांग."

मोहियोद्दीननं सुरी पुसली. पुसलेलीच होती, तरी पुसली. "न्हाई घेत."

गोजरबाईनं पदर खोचला आणि बोकडं सोडायला वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. मुलाण्यानं दारातलं बोकड नाकारलं, हे त्या वस्तीवर पहिल्यांदाच घडत होतं, आणि आता ते चार गावांत पसरणार होतं.

गाडी निघाली. लोखंडेसाहेबांचा फोन वाजला. "किती झाली, मुलाणी?"

"चालू हाय, साहेब."

"चालू म्हणजे किती?"

"रस्ता खराब हाय, आवाज तुटतोय," असं म्हणून त्यानं फोन बंद केला. करणनं रस्त्याकडं बघत मिश्या नसलेल्या ओठावरून हात फिरवला.

पुढची वस्ती हाक्यांची. तिथं बोकडं अंगणात सजवल्यासारखी उभी, तोंडात घास तसाच. मोहियोद्दीननं खाली न उतरता विचारलं, "चारलं?" हाक्यांची सून अभिमानानं म्हणाली, "मंग! गोजरआत्यानं काल फोन केल्ता की सगळ्यांला, टच्च भरून ठिवा म्हून." त्याच्या पुढच्या वस्तीवर तीन घरं, तिन्हीकडं तेच. एकानं तर बोकडाला सोडा पाजला होता, म्हणजे फुगंल म्हणून. ते बिचारं ढेकर देत उभं होतं. डॉक्टरनं त्याच्यासाठी पिशवीतून औषध काढून दिलं आणि कपाळाला हात लावला.

"चाचा, तुम्ही म्हणला होता, सगळ्यांना समजावलंय."

"समजावलं हुतं. त्यांना समजलं बी हुतं. पटलं न्हवतं."

"आता?"

"आता एकच ऱ्हायलं. कारभारी."

करणनं गाडी चालवता चालवता स्टेरिंगवर डोकं टेकवल्यासारखं केलं. "कारभारी दळवी? झालं मंग. त्याची बोकडं हायेत का मेली, ते बगायला लागंल."

कारभारी दळवी म्हणजे आळसाचं मूळपीठ. त्याच्या रानात पेरणी सगळ्यांच्या मागून, काढणी पाऊस आल्यावर. गाडी पोचली तेव्हा तो बाजेवर झोपलेला. बोकडं दोन, बाभळीला बांधलेली, आणि दोन्हीही जीव तोडून ओरडत होती. कारभारी डोळे चोळत उठला, गाडी बघून दचकला.

"आयला! आज हुतं व्हय? काल मेव्हन्याकडं जावळाला गेल्तो, यायला उशीर झाला, तसाच पडलो बगा. कालपसनं काईच टाकलं न्हाई त्यांना. थांबा थांबा, वाईच घास टाकतो, तवर तुमी च्या —"

आणि त्यानं घासाची पेंडी उचलली.

मोहियोद्दीन पन्नाशीचा माणूस, पण गाडीतून उडी मारून असा पळाला की एक चप्पल मागंच राहिली. "टाकू नको! कारभाऱ्या, टाकू नको! हात लावशील तर बग!" बोकडानं तोंड पुढं केलेलं, पाला नाकाला लागलेला. मोहियोद्दीननं पेंडी हिसकली आणि थेट कुंपणाच्या पल्याड फेकून दिली.

"आरं, तू खुळा का काय?" कारभारी म्हणाला. "उपाशी हायेत ती!"

"व्हय रं राजा, व्हय!" मोहियोद्दीननं बोकडाच्या कुशीत मूठ घातली. मूठ आत बसली. आख्ख्या सकाळीत त्याचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "म्याडम, या. हितं माप लागतंय बगा."

डॉक्टरनं डोळे बघितले, जीभ बघितली, थर्मामीटर लावून ताप बघितला, मान हलवली. घ्या.

करणनं गाडी मागंपुढं करून उभी केली. ह्याचीही एक कटकट होती. गाडीचं तोंड कुठंही असो, कापताना बोकडाचं तोंड मावळतीला, काब्याकडं पाहिजे, म्हणून प्रत्येक दारात गाडी आडवी घालायला लागायची. करणला पहिल्या दिवशी कळेना, आता तो उन्हाकडं बघून परस्पर लावतो. मोहियोद्दीननं हात धुतले, ओठांत नाव घेतलं, सुरी एकदाच ओढली. रक्त पिंपात गेलं, मातीत थेंब नाही. मग हुकाला चढवून कातडं उतरवायला घेतलं. इथं मात्र तो शांत. सकाळपासून भिरभिरणारा माणूस हाच का, असं वाटावं इतका. अंगठा आत घालून कातडं मुठीनं ढकलत खाली आणायचं, सुरी नावालाच. पोट चिरलं, कोथळा अलगद बाहेर घेतला. रिकाम्या धान्याच्या पिशवीगत टबात लोळला.

तेवढ्यात मोटरसायकल आली. पुतण्याच्या मागं गोजरबाई बसलेली. कुणाची घेतली आणि आपली का नाही, ते बघायला आली होती.

"ह्याचं घेतलं? ह्या कुंभकर्नाचं?"

"काकू, या की," कारभारी म्हणाला. "माझं शिस्तीत असतंय सगळं."

"गप ऱ्हा तू."

ती गाडीच्या मागं येऊन उभी राहिली. सोललेलं बोकड काट्याला टांगलं होतं, डॉक्टर आकडा वाचत होती. गोजरबाईनं काटा बघितला. मग खाली टबात बघितलं.

"आन् ह्याचं वजन?"

"वजडीचं? ते मालकाला परत," मोहियोद्दीन म्हणाला. "खायची तर खावा, न्हाई तर पुरा."

"काट्यावर न्हाई धरत?"

"न्हाई."

"माझ्या बोकडाचं आसतं तर?"

"तर टब भरला आसता."

"तरी बी काट्यावर न्हाई?"

"तरी बी न्हाई, मावशी."

गोजरबाईनं वाकून टबातल्या कोथळ्याला बोट लावलं. "मंग एवढा मक्याचा भरडा मी चारला कुनाला?"

"टबाला, आज्जी," करण म्हणाला.

"ए मेल्या, तुझ्या तोंडाला शिवन घातली पायजे!" पण तिला हसू आवरलं नाही, आणि ती हसली तसा कारभारीही हसला, त्याला कळलं नव्हतं तरी.

फोन परत वाजला. मोहियोद्दीननं रक्ताचे हात वर धरले. डॉक्टरनंच फोन उचलून त्याच्या कानाला लावला.

"मुलाणी, आता खरं सांगा."

"एक टांगलंय साहेब. एक टांगायचंय."

"दोन? आणि बाकीची?"

"बाकीची भरल्या पोटाची. घेतली न्हाईत मी."

"ठीक आहे. ती दोन घेऊन या. उद्यापासून गाडी पारनेरला."

"उद्याची एक सकाळ द्या, साहेब."

"एक सकाळ दिली होती."

मोहियोद्दीन एका पायावरून दुसऱ्या पायावर आला. डॉक्टरनं फोन स्वतःच्या कानाला लावला. "सर, मी रुपाली. आज ती सगळी मी घेऊ दिली असती, तर डबा भरला असता आणि परवा हाटेलवाल्यानं तुमच्या दारात आणून ओतला असता. ह्यांनी दारातनं माघारी लावलीत. पारनेरला असं कोण लावणार आहे, त्याचं नाव सांगा मला."

बराच वेळ ती नुसती "हो, हो" करत राहिली. मग फोन खिशात टाकला. "उद्या पहाटे इथं. नऊच्या आत डबा भरला पाहिजे. नाही भरला तर तिथूनच गाडी पारनेरला वळवायची, म्हणाले."

"आन् भरला तर?"

"भरला तर बघू म्हणाले."

"बघू" ह्या शब्दावर आयुष्यात किती ठिकाणी राबलो, असा काहीसा भाव मोहियोद्दीनच्या तोंडावर येऊन गेला. पण तो गोजरबाईकडं वळला. "मावशी, काल कुनाकुनाला फोन केल्तास?"

"सगळ्यांला."

"आता परत कर."

तिला सांगायला लागलं नाही. तिनं कमरेचा मोबाईल काढून पुतण्याच्या हातात दिला होता. "लाव हाक्यांच्या सुनंला... हां, ए बाई, आईक. आज दिवस मावळायच्या आत काय चारायचं ते चार. मावळल्यावर काडी टाकायची न्हाई. पानी पाज, बिनमिठाचं. ... बोंबलू दे की! बोंबलून मरत न्हाईत. मोद्दीननं सकाळी मूठ घालून बगितलं आन् मूठ बसली न्हाई, तर गाठ माझ्याशी हाय."

चार घरं तिनं अशी झोडपली. कालपेक्षा आज आवाज चढा होता. मोहियोद्दीन ऐकत उभा होता, पण त्याचा जीव काही ठिकाणावर आला नाही.

"आन् तुझी?"

"माझ्याच्यानं ऱ्हावनार न्हाई बग. रातच्याला वरडाया लागली की मी उठनार, ते मला ठाव हाय."

"मंग?"

"मंग मी जाते झोपायला लेकीकडं. सुनंवर टाकते. तिला काय माया न्हाई जनावराची, ती झोपंल निवांत."

"वैरनीच्या खोलीला कुलूप लाव आन् किल्ली संगं ने."

"नेते."

"नेते न्हाई, शप्पत घे."

"आरं जा रं! तुला बोकड पायजे का शप्पत?" ती मोटरसायकलवर बसली. मोटरसायकल धुरळ्यात गेली, तरी तिचा फोनवरचा आवाज येत राहिला.

मोहियोद्दीन त्या धुरळ्याकडं बघत राहिला. ऊन चढलं होतं. पाच दारं, पाच माणसं, आणि सगळ्यांना रात्रभर आपल्या जनावराचं ओरडणं ऐकून घ्यायचं होतं. पहिलं कोण उठेल, ह्याचा तो मनातल्या मनात अंदाज घेत होता, आणि कुणाच्याच दारावर त्याचा अंदाज थांबत नव्हता.

"मुलानीभाऊ," मागून कारभारी म्हणाला, "ह्या दुसऱ्याचं काय? वरडून वरडून घसा बसला त्याचा. घेताय, का टाकू वाईच —"

"टाकू नको!" मोहियोद्दीन गर्रकन वळला. टबातला कोथळा बाजूला सारला, फळीवर पाणी मारलं, उकळत्या भांड्यातून सुरी काढून झटकली.

"आन. सोडून आन त्याला."